अडीच फुटांचं पाऊल

६ जानेवारी

ही वही ह्यांची. पुढून त्यांनी पावलं लिहिली आहेत, म्हणून मी मागून सुरू करते आहे. नवी आणणार होते, पण अर्धी कोरी वही घरात असताना दुसरी आणणं जिवावर आलं.

आज बारा पाकिटं टपालात टाकली. बारा खेळाडूंचे करार. डिस्क गोल्फची पहिली व्यावसायिक टूर, चार मैदानं, चार महिने. पहिली फेरी बावीस मार्चला आपल्या टेकडीवर. आता मागे फिरता येणार नाही, त्यांनाही आणि मलाही. या खेळाच्या जुन्या मंडळाने लेखी कळवलं आहे की आमच्याकडे जो खेळेल त्याला मंडळाच्या स्पर्धा वर्षभर बंद. म्हणजे आमची टूर बसली तर बारा जणांचं खेळातलं एक वर्ष गेलं. त्यातल्या एकीने शाळेतली व्यायामशिक्षिकेची नोकरीही सोडली आहे. डाव्या हाताने फेकते म्हणून सगळे तिला डावरी म्हणतात.

तबकडी फेकायची, ती साखळ्यांच्या टोपलीत पडली पाहिजे. कमीत कमी फेकींत अठरा टोपल्या जो करेल तो जिंकला. एवढाच खेळ. भाऊजी, म्हणजे माझे दीर, अजून त्याला थाळीफेक म्हणतात, आणि अठराच्या अठरा टोपल्या त्यांच्याच वेल्डिंगच्या दुकानात झाल्या.

मी आयुष्यात एकही तबकडी नीट फेकलेली नाही. पण नियम मला पाठ आहेत. शब्दकोश मांडीवर घेऊन ह्यांच्यासाठी मीच ते मराठीत उतरवले होते. माझी शाळा सातवीला सुटली, पुढचं सगळं वाचनालयातलं. ह्यांनी टूर काढायचं ठरवलं तेव्हा म्हणाले होते, "मी मैदान करतो, तू कागद कर." मैदान करून ते गेले. कागद माझ्याकडे राहिले.

११ जानेवारी

जाहिरात छापून आली. सकाळपासून फोन. नऊपैकी सात जणांनी विचारलं, टूर किती दिवसांची.

एक आजोबा फारच चिकाटीचे.

"दोघंच आहोत आम्ही. खिडकीची जागा मिळेल ना?"

"अहो, ही तशी टूर नाही. खेळाची आहे. बघायला यायचं."

"बघायलाच तर जायचंय. काय काय दाखवता?"

"अठरा टोपल्या."

मग त्यांनी आजींना काहीतरी विचारलं आणि परत आले. "जेवण धरून का?"

बऱ्याच दिवसांनी हसू आलं. फोन ठेवल्यावर हे कोणाला सांगू म्हणून वळले तर खुर्ची.

१९ जानेवारी

फलकांचं काम. टेकडीवर प्रत्येक टोपलीच्या चौथऱ्याजवळ, म्हणजे जिथून फेकायचं त्या जागी, अंतराचा फलक लागणार. अंतरं ह्यांच्या वहीत आहेत, पण पावलांत. ह्यांनी पाणीखात्यात एकतीस वर्षं जमिनीखालच्या वाहिन्या तपासल्या. कुठला नळ कुठे वळतो हे पावलं मोजून सांगायचे आणि तिथेच खणलं की नळ सापडायचा. अडीच फुटांचं पाऊल, एका इंचाचा फरक नाही. खात्यात त्यांचं नावच फीत पडलं होतं.

तर मी पावलांना अडीचने गुणत बसले. तिसरी टोपली एकशे चाळीस, म्हणजे साडेतीनशे फूट. चौदावी एकशे ऐंशी, म्हणजे साडेचारशे. अठरांची बेरीज सहा हजार चारशे. करारात किमान सहा हजार लिहिलं आहे, तेव्हा वर चारशे.

नियमपुस्तिकेतलं सातवं कलम माझं स्वतःचं आहे: "मैदानावरील प्रत्येक अंतर मोजलेले असून ते फलकावर लिहिलेले आहे." वाक्य चांगलं उतरलं आहे असं मला वाटतं.

२ फेब्रुवारी

वाचनालयात गेले होते. रस्त्याने माझ्या पुढे एक जोडपं, नवरा दहा पावलं पुढे, बायको मागे पिशवी सावरत. आम्ही तसेच होतो. लग्नानंतर सदतीस वर्षं मी ह्यांची पाठच पाहिली. हाका मारून दमले. कोपऱ्यावर थांबायचे, मी जवळ आले की पुन्हा सुटायचे.

शेवटच्या वर्षात मात्र सुधारले. माझ्या बरोबरीने चालायला लागले. वाचनालयापर्यंत जाता-येता दोघं शेजारी, अगदी पायाला पाय लावून. मी एकदा म्हटलंसुद्धा, उशिरा का होईना, अक्कल आली. तर म्हणाले, "आता कुठे पळत जायचंय?" तेवढं एक वर्ष मी मनासारखी चालले.

९ फेब्रुवारी

ह्यांना जाऊन वर्ष झालं. भाऊजी येऊन बसून गेले. चहा घेतला.

१७ फेब्रुवारी

सराव सुरू झाला. सकाळी टेकडीवर धुकं होतं, पाण्याच्या जुन्या टाक्या अर्ध्याच दिसत होत्या. खेळाडू बाराही आले. साखळ्यांचा आवाज पहिल्यांदा इतक्या जणांच्या हातून ऐकला. मी फलकांचे खिळे बघत हिंडत होते.

दुपारी डावरी माझ्यापाशी आली. तबकडी या हातातून त्या हातात.

"काय झालं गं? लागलं का कुठे?"

"नाही काकू. चौदावी टोपली. माझी पहिलीच फेक साखळीला लागली."

"मग चांगलं झालं की."

"फलकावर साडेचारशे फूट आहे. माझा हात सव्वातीनशेच्या पुढे जात नाही. वारा पाठीशी असला तरी नाही." ती जमिनीकडे बघत होती. "काकू, एवढी मी चांगली नाही."

मी म्हटलं, सराव केला असशील. ती म्हणाली, केलाय, म्हणूनच मला माझा हात माहीत आहे.

२० फेब्रुवारी

मोजणीदार आणला. भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेला, तोंडात सतत बडीशेप. मी वही घेऊन बरोबर होते. पहिल्या नऊ टोपल्या तंतोतंत. तिसरीला फक्त एका फुटाचा फरक. तो मान हलवून म्हणाला, "माणूस होता की यंत्र."

दहावीपासून बिघडलं. दहावी फलकावर तीनशे, फितीत दोनशे शहात्तर. बारावी पाऊणशे फुटांनी कमी. चौदावी तीनशे पंधरा. सतरावी पाचशेच्या जागी तीनशे वीस. सगळं धरून साडेनऊशे फूट गायब. साडेपाच हजारसुद्धा भरत नाहीत.

चौदावीला त्याने वहीतली पावलं आणि फितीतले फूट यांचा भागाकार केला. "हे पाऊल पावणेदोन फुटांचं आहे, बाई. गड्याचं नाही. हे तुम्ही तर नाही ना मोजलंत त्यांच्या जागी?"

"मी कशाला मोजू?"

"नाही, उंचीवरून तुमचं साधारण एवढंच पडेल म्हणून म्हटलं." मग इकडेतिकडे बघत, "बाक फार आहेत हो या बाजूला. खाली एकही नाही. इथे आधी शंभर पावलांवर एक, मग साठावर, मग चाळिसावर. त्यांना दमबिम लागायचा का?"

"छे. गुडघा धरला होता जरा. बाक प्रेक्षकांसाठी आहेत."

"प्रेक्षकांसाठी, बरं," म्हणाला आणि फीत गुंडाळायला लागला.

२१ फेब्रुवारी

मला राग आला आहे आणि तो लिहून ठेवते. ह्यांनी शेवटच्या नऊ टोपल्या उरकल्या. दुसरं कारण दिसत नाही. एकतीस वर्षं एका इंचाची चूक नाही आणि स्वतःच्या कामात ही हयगय. वर मी छातीठोकपणे लिहिलं, प्रत्येक अंतर मोजलेले आहे.

चार खेळाडूंचा निरोप आला. करारात सहा हजार फूट आहे, मैदान तेवढं नसेल तर आम्ही मोकळे का? कायद्याने मोकळे. पण मोकळे होऊन जाणार कुठे? मंडळाचं दार वर्षभर बंद. त्यांनी हे विचारताना आवाज चढवला नाही, त्याचंच वाईट वाटलं. मंडळाच्या सचिवाने म्हणे कुणाला सांगितलं, बाईंना स्वयंपाकघरातलं माप वाटलं असेल.

चौदावीच्या वाटेत मधोमध एक बाक आहे. तो फेकीच्या आड येतो. तो तरी उद्यापरवा काढून घ्यावा. भाऊजींना सांगते.

२४ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

दुकानात गेले. भाऊजी जाळीचं फाटक जोडत होते. त्यांचं होईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, ठिणगीकडे बघायचं नाही म्हणून.

"भाऊजी, चौदावीच्या वाटेतला बाक काढायचा आहे."

"राहू दे तो, वहिनी."

"आड येतो."

"तबकडी वरून जाते. राहू दे."

"नियमात बसत नाही."

"नियम तुम्हीच लिहिलाय. बदला."

असं ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, प्रेक्षकांना दुसरीकडे बसता येईल, टेकडी काय लहान आहे? त्यांनी डोळ्यांवरची काच वर केली. चेहरा घामाने भरलेला.

"प्रेक्षकांसाठी नव्हते ते. दादा बसायचा."

मला कळलं नाही. मी विचारलं, केव्हा?

"सप्टेंबरपासून. मीच दवाखान्यात नेलं होतं. हृदय मोठं झालंय म्हणाले, थकलंय म्हणाले. चढ चढायचा नाही."

"आणि तुम्ही चढू दिलंत."

"मी बाक करून दिले."

बाहेर कोणीतरी सायकलचा दांडा जोडून घ्यायला आलं होतं, ते आमच्याकडे बघून निघून गेलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं तर ती बूट लपवून ठेवेल. नऊ टोपल्या राहिल्यात."

ठेवलेच असते.

मी तशीच घरी आले. बाकाचं काही ठरलं नाही.

५ मार्च

नऊ दिवस लिहिलं नाही. टेकडीवर गेले नाही. फोन वाजत राहिला. भाऊजी दोनदा दारापर्यंत येऊन गेले, मी उघडलं नाही. राग कोणावर हेच ठरेना. एकदा ह्यांच्यावर, एकदा भाऊजींवर. मग सप्टेंबरपासून ज्या बाईने रोज शेजारी बसून ताट वाढलं आणि जिला काही दिसलं नाही, तिच्यावर. नवे बूट चावतात म्हणायचे. मी दोन जोड बदलून आणले. दुकानदाराशी भांडून.

टूर रद्द झाल्याचं पत्र लिहायला घेतलं होतं. शुद्धलेखन तपासून तयार आहे.

आज सकाळी डावरी आली. मातीने भरलेले हात घेऊन दारात उभी.

"माझ्यावर चिडलात का काकू?"

"तुझ्यावर कशाला?"

"मी गप्प बसले असते तर चालून गेलं असतं. फेरी झाली असती."

मी तिला आत घेतलं. मोरीत हात धुता धुता ती म्हणाली, शाळेत लांब उडीला फीत जरा सैल धरली की पोरं खूश होतात. पाच वर्षांत कधी धरली नाही. म्हणून मुख्याध्यापिकांना आवडत नव्हते मी.

"मातीत काय करत होतीस?"

"दहावीचा चौथरा. आम्ही पाच जण आहोत. आणि तुमचे भाऊजी. पत्र आलं नाही, म्हणून म्हटलं रद्द नसेल. पण कुठवर मागे न्यायचा ते कोणाला माहीत नाही. भाऊजी फलक काढून नवे रंगवू म्हणतात, म्हणजे निदान खरं तरी लिहिलेलं असेल. पण मग सहा हजार भरत नाहीत."

मी वही आणली. तिने पहिल्यांदाच पाहिली. चौदाव्या टोपलीच्या पानावर तारीख होती, नोव्हेंबरची. अक्षर तसंच, उभं. एकशे ऐंशी. पुढे काही नाही. उरकलेलं काम असं नसतं. एकशे ऐंशी पावलं एकेक मोजून टाकलेली होती.

"चौदावी किती धरायची मग, काकू?"

"साडेचारशे."

"फितीत तीनशे पंधराच आहे."

"मग मागे सरका. फलक नाही बदलायचे. अडीच फुटांची एकशे ऐंशी पावलं होतात तिथवर सरका."

तिने मनात हिशेब केला. मग म्हणाली, "माझ्याच्याने दोन फेकींत नाही व्हायची."

"तीन घे."

पत्र फाडलं नाही. पाठकोरं आहे, कामाला येईल.

१४ मार्च

टेकडीवर रोज. मोजणीदार स्वतःहून येतो, बडीशेपेची डबी माझ्यापुढे करतो. "यंत्र म्हटलं होतं ते मागे घेतो," एवढंच बोलला. भाऊजींनी सांगितलं असावं त्याला.

दहा ते सोळा, सात चौथरे मागे नेले. झुडपं छाटली, माती चोपली, एका जागी दगड निघेना तेव्हा सातफुट्या खेळाडूने एकट्याने उपटला आणि मग दोन दिवस पाठ धरून बसला. सतरावी आणि अठरावी तशाच राहिल्या. मागे टाकीची भिंत आहे, सरकायला जागा नाही. त्यांचे फलक पुन्हा रंगवले, फितीत आलं तेवढं. अठरावी दोनशे चाळीस. बेरीज सहा हजार साठ. भरली.

अठरावीचं वहीतलं पाऊल दीड फुटाचं पडतं. तो भागाकार मी एकदाच केला.

भाऊजींशी बोलले. म्हणजे मी म्हटलं, "चौदावीचा बाक आता कुठे ठेवायचा?" ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तिथे." मी म्हटलं, नव्या चौथऱ्यापाशी. त्यांनी एकट्याने उचलून नेला. मी दुसरं टोक धरायला गेले तर म्हणाले, "सोडा वहिनी, हलका केलाय. दादानेच सांगितलं होतं, हलवता येईल असा कर."

२१ मार्च

बारापैकी अकरा येणार. एकाने कळवलं की मंडळाने त्याला माफी देऊ केली आहे. पत्रात त्याने माफीनाम्याचे शब्द चुकीचे लिहिले होते, मी मनातल्या मनात दुरुस्त केले. त्याला दोष देत नाही. उद्या लोक येतील की नाही माहीत नाही. ह्यांनी बाकांवर ऐंशी माणसं बसतील असं लिहिलं आहे, वहीत, समासात. मलाच पटवायला लिहिलं असेल.

२३ मार्च

काल फेरी झाली.

त्रेसष्ट माणसं आली, मी मोजली. त्यात फोनवरचे आजोबा आणि त्यांच्या आजी. चहाची बाटली, डबा, छत्री, सगळं घेऊन. त्यांनी चौदावीच्या चौथऱ्यापाशी बाक धरला आणि दिवसभर हलले नाहीत. डावरी तिथे आली तेव्हा आजोबांनी तिला फलक वाचून दाखवला, जणू तिला दिसतच नव्हता. "साडेचारशे फूट. झेपेल का, बाळ?"

"बघू आजोबा."

पहिली फेक वाटेच्या मध्यापलीकडे. दुसरी टोपलीच्या अलीकडे आठ फूट. तिसरी साखळीत. ती मागे वळून माझ्याकडे बघून हसली नाही, फक्त बोटं दाखवली, तीन. शेवटी ती चौथी आली. जिंकला तो सातफुट्या, दुखऱ्या पाठीने. मंडळाचा सचिव कुंपणापाशी उभा होता म्हणतात. त्याने फीत मागितली तर मोजणीदार म्हणाला, "ही घ्या, आणि बडीशेपही घ्या." त्याने दोन्हीतलं काहीच घेतलं नाही.

निघताना आजींनी माझा हात धरला. "टूर छान होती. चालणं जास्त नव्हतं." आजोबा म्हणाले, जेवणाचं तेवढं बघा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मैदानावर येणार आहेत. अकराही जण येणार आहेत.

सगळे खाली उतरले. ऊन अजून होतं. भाऊजी टोपल्यांच्या साखळ्या बांधून ठेवत होते. मी चौदावीला गेले. जुन्या चौथऱ्याची जागा ओळखू येते, तिथे गवत दबलेलं आहे. तिथे उभी राहिले आणि वही काखेत धरून टोपलीकडे निघाले. माझ्या नेहमीच्या चालीने, वाचनालयात जाते तशी. मुद्दाम लहान नाही, मुद्दाम मोठी नाही. मोठ्याने मोजत होते, कारण मनात मोजलं की मी चुकते.

बाकाच्या चार खुणा मातीत आहेत, तिथे शहाण्णव झाली. थांबले नाही.

टोपलीला हात लागला तेव्हा एकशे ऐंशी.

भाऊजी लांबून विचारत होते, काय झालं वहिनी, काही राहिलं का? मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

माझी पानं आता संपत आली. हे पान उलटलं की समोर त्यांची अठरावी टोपली आहे. दुसऱ्या मैदानासाठी नवी वही आणली पाहिजे.